ऑफ-रोडवाल्यांचा विरोध नक्की कशाला आहे आणि तो कुठे टिकतो

प्रश्न असा आहे: अमेरिकेत केंद्र सरकार सार्वजनिक जमिनींना नवनवी संरक्षणं लावतं आणि जीप आणि यूटीव्ही (कच्च्या वाटांसाठीची छोटी उघडी गाडी) चालवणारे त्याला कडाडून विरोध करतात. या विरोधाला कायद्यात काही आधार आहे का? आणि तिथे राहणाऱ्या, शनिवार-रविवारी फोर-बाय-फोर घेऊन निघणाऱ्या मराठी माणसाला विरोध नोंदवायचा असेल तर त्याने काय करायचं?

आधार आहे, पण बहुतेक विरोधक तो वापरत नाहीत. राष्ट्राध्यक्षांनी ‘राष्ट्रीय स्मारक’ जाहीर केलं की सह्यांच्या मोहिमा सुरू होतात, टी-शर्ट छापले जातात. वाटा मात्र त्या घोषणेने फारशा बंद होत नाहीत. त्या बंद होतात दोन-चार वर्षांनी निघणाऱ्या एका कंटाळवाण्या कागदाने, ज्याला प्रवास व्यवस्थापन आराखडा म्हणतात. त्याच्या मसुद्यावर मत द्यायला बऱ्याचदा जेमतेम ३० दिवस मिळतात आणि तेव्हा टी-शर्टवाले कुठेच दिसत नाहीत.

आधी जमीन कोणाची ते बघू. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, सुमारे २४.५ कोटी एकर जमीन सांभाळतो. महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. वन सेवेची जमीन त्याहून वेगळी. आपल्याकडे राखीव वनात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे तिथली व्यवस्था मराठी वाचकाला उलटी वाटते. बीएलएमच्या जमिनीसाठीचा १९७६चा कायदा गुरेचराई, खाणकाम, वन्यजीव आणि मनोरंजन या सगळ्यांना त्याच जमिनीवर जागा देतो. पण तो गाडी चालवण्याचा हक्क देत नाही. निर्णय घेण्याआधी तुमचं म्हणणं तपासण्याचं बंधन तो सरकारवर घालतो. विरोधाची इमारत उभी करायची ती या बंधनावर.

‘संरक्षण’ या एका शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळी हत्यारं आहेत. गाडीसाठी प्रत्येकाचा अर्थ निराळा.

सगळ्यात कडक म्हणजे विल्डरनेस, म्हणजे रानटी अवस्थेत जशीच्या तशी राखायची जमीन. १९६४च्या कायद्याखाली ती फक्त काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, जाहीर करू शकते आणि तिथे मोटार तर सोडाच, सायकलही चालत नाही. एकदा झाली की काँग्रेसशिवाय कोणी ती उठवू शकत नाही. मार्च २०१९च्या डिंगेल कायद्याने देशभरात सुमारे १३ लाख एकर विल्डरनेस झाली आणि त्यातला जवळपास निम्मा भाग युटा राज्यातल्या एमरी काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) आहे.

राष्ट्रीय स्मारक राष्ट्राध्यक्ष १९०६च्या पुरातत्त्व कायद्याखाली जाहीर करतात. युटातल्या बेअर्स इअर्स स्मारकाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: डिसेंबर २०१६मध्ये ओबामांनी साडेतेरा लाख एकर जाहीर केले, डिसेंबर २०१७मध्ये ट्रम्प यांनी सुमारे ८५ टक्के कापले आणि ऑक्टोबर २०२१मध्ये बायडेन यांनी परत लावले. या सगळ्या खेळात चालू वाटांचं काय झालं? घोषणेच्या दिवशी फारसं काहीच नाही. अशा घोषणापत्रात साधारणपणे एवढंच असतं की मोटार वाहनं फक्त मंजूर मार्गांवरच चालतील. कोणते मार्ग मंजूर, हे नंतरचा आराखडा ठरवतो. म्हणून ‘स्मारक झालं, सगळं बंद’ हे वाक्य खोटं आहे. तितकंच खोटं ‘स्मारकाने काहीच बंद होत नाही’ हेही आहे, कारण आराखडा बनवताना तराजूचं पारडं आधीच एका बाजूला झुकलेलं असतं: स्मारकात ज्या वस्तू जपायच्या म्हणून घोषणापत्रात लिहिलेल्या असतात, त्यांचं रक्षण हाच पहिला निकष होतो.

वन सेवेच्या जमिनीवरचा २००१चा रोडलेस नियम हा गैरसमजांचा आणखी एक कारखाना. ५.८५ कोटी एकरांवर नवे रस्ते बांधणं आणि लाकूडतोड यांवर त्याने बंधन घातलं. त्याने ऑफ-रोड ट्रेल बंद केलेले नाहीत. अशा क्षेत्रांत मोटारसायकल आणि एटीव्हीचे (हँडलने चालवायची चारचाकी) मंजूर ट्रेल असू शकतात आणि आहेतही. सरकारने २०२५मध्ये हा नियम मागे घेण्याचा इरादा जाहीर केला तेव्हा काही ऑफ-रोड गटांनी ‘ट्रेल उघडणार’ म्हणून आनंद व्यक्त केला. जे या नियमाने बंदच झालं नव्हतं ते तो गेल्याने उघडणार कसं? बीएलएमच्या २०२४च्या ‘पब्लिक लँड्स रूल’चंही तेच. संवर्धनाला चराई आणि खाणकामाच्या बरोबरीने जमिनीचा एक उपयोग मानणारा तो नियम होता, वाहनबंदीचा नव्हे. सप्टेंबर २०२५मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला. त्यावर किती ताकद खर्च करायची ते प्रत्येक गटाने ठरवावं, पण तुमची एकही वाट त्या नियमाच्या पानांवर नव्हती.

मधल्या प्रकारांपैकी विल्डरनेस स्टडी एरिया (विल्डरनेस करायची की नाही हे काँग्रेस ठरवेपर्यंत तशीच राखलेली जमीन) तेवढा समजून घ्या, कारण तिथे एक कायदेशीर बारकावा आहे जो ऑफ-रोडवाल्यांना हमखास नडतो. १९७६च्या कायद्यानंतर बीएलएमने ५,००० एकर किंवा त्याहून मोठे ‘रस्ते नसलेले’ पट्टे शोधले. त्यासाठी रस्त्याची व्याख्या अशी धरली: यंत्रांनी सुधारलेला आणि बऱ्यापैकी नियमित वापरासाठी राखलेला तोच रस्ता. केवळ गाड्या जाऊन-जाऊन पडलेली चाकोरी रस्ता ठरत नाही, मग ती कितीही जुनी असो. त्यामुळे ‘इथे तर रस्ता आहे, हा भाग रोडलेस कसा’ हा युक्तिवाद करायचा तर बुलडोझर फिरल्याच्या खुणा, कापलेले उतार, पाणी काढायला बांधलेले बांध यांचे फोटो द्यावे लागतात. टायरच्या खुणांचे फोटो दिलेत तर तुम्ही दुसऱ्या बाजूचीच केस लिहून दिली.

आता मूळ मुद्दा, प्रवास आराखडा.

१९७२मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सार्वजनिक जमिनीवरच्या ऑफ-रोड वाहनांबाबत कार्यकारी आदेश ११६४४ काढला आणि १९७७मध्ये कार्टर यांनी तो आणखी कडक केला. त्याखालच्या बीएलएमच्या नियमानुसार सगळी जमीन तीन प्रकारांत विभागली जाते: खुली, मर्यादित आणि बंद. खुल्या क्षेत्रात कुठेही गाडी नेता येते. वाळूच्या टेकड्यांची काही मैदानं अशी आहेत. बहुतेक जमीन ‘मर्यादित’मध्ये येते, म्हणजे फक्त ठरवलेल्या मार्गांवर. आणि मार्ग ठरवताना चार गोष्टींची हानी कमीत कमी होईल असं पाहायचं असतं: माती-पाणी-वनस्पती, वन्यजीव आणि त्यांचा अधिवास, इतर लोकांच्या मनोरंजनाशी होणारा संघर्ष (आवाज यातच आला), आणि विल्डरनेस किंवा आदिम म्हणून राखलेल्या क्षेत्रांत मार्ग असू नये.

यात ‘विचार केला’ असं लिहून भागत नाही. प्रत्येक मार्गासाठी ही हानी कशी कमी केली, हे नोंदीत दिसावं लागतं, असं न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. युटात २००८मध्ये बीएलएमने केलेले आराखडे याच मुद्द्यावर अडकले. सदर्न युटा विल्डरनेस अलायन्स आणि इतर संवर्धन संस्था न्यायालयात गेल्या, रिचफिल्ड भागाचा आराखडा २०१३मध्ये न्यायालयात कमी पडला आणि २०१७मध्ये समझोता झाला, की बीएलएम युटातल्या अनेक भागांचे मार्ग नव्याने तपासेल. युटातल्या मोआब गावाजवळच्या लॅबिरिंथ-जेमिनी ब्रिजेस भागाचा सप्टेंबर २०२३चा निर्णय हे त्याचंच फळ. सुमारे तीन लाख एकरांच्या या भागात ३१७ मैल मार्ग बंद झाले, ८००हून जास्त मैल उघडे राहिले. हे जो बायडेन यांच्या मनात आलं म्हणून झालं, असं समजणाऱ्यांनी २००८चा आराखडा का पडला ते वाचावं. तेव्हा नोंदी नीट ठेवल्या असत्या, तर यातले कित्येक मार्ग आज शाबूत असते. त्यानंतर युटातल्याच सॅन राफेल स्वेल भागाच्या आराखड्यात ६६५ मैल बंद झाले.

मैलांच्या आकड्यांवरून दोन्ही बाजू एकमेकांना हाणतात आणि दोन्ही बाजू दिशाभूल करतात. मोआबच्या भोवतीचं मार्गांचं जाळं पर्यटनासाठी कोणी आखलेलं नाही. १९५०च्या दशकात युरेनियमच्या शोधात निघालेल्यांनी आणि तेलाच्या भूकंपीय सर्वेक्षणांनी ओढलेल्या रेघा आहेत त्या. त्यामुळे बंद झालेल्या मैलांत पुष्कळ मैल असे असतात की ज्यांवर कोणी जात नाही: समांतर दुहेरी वाटा, दोनशे मीटरवर संपणारे फाटे, झुडपांनी गिळलेल्या चाकोऱ्या. संवर्धनवाले म्हणतात ‘अजून ८०० मैल आहेत की’, तेव्हा तेही सगळे मैल सारखेच धरतात. पण अर्ध्या मैलाचा जोड मार्ग गेला तर दहा-पंधरा मैलांचा फेरा तुटतो. हे जोखणं महत्त्वाचं: बंद होणाऱ्या यादीतून जोड मार्ग, फेरे, दृश्यबिंदूंकडे नेणारे मार्ग आणि तांत्रिक चढाईचे मार्ग वेगळे काढा. बाकीच्यांवर एक शब्दही खर्च करू नका. सगळे वाचवायला निघालेल्याचं अधिकारी कशाबद्दलच ऐकत नाहीत, आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही.

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगतो.

बीएलएमच्या ई-प्लॅनिंग संकेतस्थळावर प्रकल्प शोधा आणि सूचना यादीत नाव घाला. पहिला टप्पा स्कोपिंगचा असतो, कोणते मुद्दे अभ्यासायचे ते ठरवण्याचा. बहुतेक लोक तो सोडतात आणि मसुदा आला की जागे होतात. तसं करू नका. प्रत्येक मसुद्यात दोन-चार पर्याय असतात आणि अंतिम निर्णय सहसा त्या पर्यायांच्या मर्यादेतच पडतो. तुम्हाला हवी असलेली गोष्ट, म्हणजे वळवलेला मार्ग किंवा हंगामी बंदी, कोणत्याच पर्यायात नसेल तर शेवटी ती येणं अवघड. ती पर्यायांत घालून घ्यायची वेळ स्कोपिंगची.

मसुद्यासोबत प्रत्येक मार्गाचा अहवाल असतो: क्रमांक, लांबी, कशासाठी वापरला जातो, जवळ काय संवेदनशील आहे. नकाशाचा जीआयएस डेटा उतरवून घ्या, आपल्या फोनवरच्या नकाशात टाका आणि जागेवर जा. ट्रॅक नोंदवताना बिंदू दर ५ ते १० मीटरवर पडतील असं ठेवा. बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमध्ये बिंदू शंभर मीटरवर पडतात आणि वळणं कापली जातात, मग तुमचा ट्रॅक नाल्यातून गेल्यासारखा दिसतो. फोटो सुरुवातीला, शेवटी, प्रत्येक फाट्यावर आणि अहवालात ज्या कारणाचा उल्लेख आहे त्या जागेवर काढा. प्रत्येक फोटोला दिशा, तारीख आणि जागेचे अक्षांश-रेखांश हवेत. फोटोत मोजपट्टी किंवा माहितीतली एखादी वस्तू ठेवा. मार्गाची रुंदी किमान तीन ठिकाणी मोजा.

इथे एक तांत्रिक सापळा आहे. जुने स्थलदर्शक नकाशे १९२७च्या आधारप्रणालीवर (डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) आहेत, बीएलएमचा डेटा १९८३च्या प्रणालीवर. यूटीएम सहनिर्देशक (जागेचे मीटरमधले आकडे) न बदलता जुन्या नकाशावरून उचलले तर त्या भागात मार्ग उत्तर-दक्षिण सुमारे २०० मीटर सरकतो. खोल घळीच्या काठावर २०० मीटर म्हणजे मार्ग थेट पलीकडच्या कड्यावर. अशी एक चूक सापडली की तुमच्या बाकीच्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. १९८३ची प्रणाली आणि जीपीएसची प्रणाली यांच्यातला फरक मात्र एक-दोन मीटरचा असतो, त्याची चिंता नको.

मग मत लिहायचं. ‘पिढ्यानपिढ्या आम्ही इथे येतोय, सरकारने आमच्या जमिनी आम्हाला परत द्याव्यात’ असं पत्र शंभर जणांनी पाठवलं तरी ते एकच मत म्हणून मोजलं जातं आणि त्याला उत्तर देण्याचं बंधन जवळपास नसतं. मतांची मोजणी होत नाही, मतांतला आशय तपासला जातो. टिकणारं मत असं असतं (क्रमांक आणि आकडे फक्त नमुन्यापुरते, पाठवायचं अर्थात इंग्रजीत):

‘मार्ग डी-१२३४, लांबी ०.८ मैल. अहवालात बंदीचं कारण नाल्याकाठची वनस्पती. आमच्या पाहणीनुसार मार्ग नाल्याला एकाच ठिकाणी, सुरुवातीपासून ०.३ मैलावर ओलांडतो. तिथे तळ उघड्या खडकाचा आहे (फोटो ४ ते ७). उरलेला मार्ग नाल्यापासून किमान ६० मीटर दूर, खडकावरून जातो (ट्रॅक सोबत). हानी कमी करण्याचा पर्याय: ओलांडणीच्या दोन्ही बाजूंना दगडांची रांग, खुणेचे खांब आणि नाल्यातून वर जाणारा बेकायदा फाटा बुजवणे. हा तुकडा बंद झाल्यास ११ मैलांचा फेरा तुटून जाणारी-येणारी वाहनं एकाच मार्गावर येतील; त्या मार्गावरच्या फेऱ्या दुप्पट होण्याचा परिणाम मूल्यांकनात तपासलेला नाही.’

यात भावना नाही, धमकी नाही. ‘हानी कमी करण्याचा पर्याय’ सांगणारं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. कायदा ‘बंद करा’ म्हणत नाही, ‘हानी कमी करा’ म्हणतो. ती दुसऱ्या कशाने कमी होत असेल आणि तुम्ही ते नोंदीवर ठेवलं असेल, तर अधिकाऱ्याला एकतर तो उपाय घ्यावा लागतो किंवा का घेतला नाही याचं कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं नाही तर अपिलात तुमच्या हातात काहीतरी असतं. शिवाय उद्या दुसऱ्या बाजूने त्याच मार्गावर दावा ठोकला, तर बीएलएमला मार्ग उघडा का ठेवला हे सांगायला तुमचीच नोंद कामाला येते.

उपायांचं सामानही माहीत हवं. वाहनाच्या रुंदीची मर्यादा: जुन्या एटीव्ही ट्रेलची ५० इंच असते, पण आजचे बरेच यूटीव्ही त्यात बसत नाहीत, म्हणून मर्यादा सुचवताना कोण बाहेर राहील ते बघा. आवाजाची मर्यादा: कॅलिफोर्नियात १९८६पासूनच्या वाहनांना उभ्या स्थितीत, एक्झॉस्टपासून २० इंचांवर ९६ डेसिबल. नदीवरून रबरी होड्यांनी जाणाऱ्यांची मुख्य तक्रार आवाजाचीच असते, आणि लॅबिरिंथ कॅन्यनमध्ये ग्रीन नदीकाठचा ‘हे जो’ (Hey Joe) नावाच्या कॅन्यनचा मार्ग ज्यांनी बंद करवून घेतला त्यांच्या बाजूने हा मुद्दा वजनदार होता. तिथे आवाजाच्या मर्यादेची ठोस योजना आधीच मांडली असती, तर काय झालं असतं सांगता येत नाही. पण ‘आम्ही आवाज करत नाही’ या उत्तराने काही होणार नव्हतं. हंगामी बंदी हा अजून एक उपाय. वाळवंटी बिगहॉर्न मेंढ्यांची कोकरं साधारण एप्रिल ते मध्य जून या काळात जन्मतात. अडचण अशी, की मोआबचा गर्दीचा हंगामही तोच, ईस्टर जीप सफारी १९६७पासून त्याच सुमारास भरते. त्यामुळे हंगामी बंदी सुचवणं म्हणजे फुकटचा तोडगा नव्हे. तरी कायमच्या बंदीपेक्षा ती बरी.

जिथे वाट खरोखर वाचवण्यासारखी नाही तिथे ते मोकळेपणाने लिहा. वाळवंटातल्या मातीवर सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफुलांचा काळपट, खडबडीत थर असतो. त्यावरून एकदा चाक गेलं की तो चुरतो, माती उडायला लागते आणि थर परत यायला दशकं जातात. अशा थरातून पडलेल्या ताज्या फाट्याची बाजू घेऊ नका. टेन माइल कॅन्यनसारख्या ओढ्याच्या पात्रातून जाणाऱ्या मार्गांचंही तसंच: वाळवंटात पाणी आणि झाडी जिथे आहे तिथेच वन्यजीव आणि जुन्या वस्त्यांचे अवशेष एकवटलेले असतात. तिथे गाडीवाल्यांची बाजू मुळात कमकुवत असते.

आता जे युक्तिवाद ऐकायला जोरदार वाटतात पण चालत नाहीत ते.

अपंगांच्या प्रवेशाचा: ‘चालू न शकणाऱ्यांना तुम्ही जमिनीबाहेर काढताय.’ भावनेला भिडतो, कायद्यात उभा राहत नाही. १९९०चा अपंग हक्क कायदा विल्डरनेसमध्येही व्हीलचेअरला परवानगी देतो, पण सर्वांना बंद असलेला मार्ग अपंगांच्या मोटारीसाठी उघडायला लावत नाही. मुद्दा मांडायचाच तर ठरावीक मार्गाबद्दल मांडा: या दृश्यबिंदूकडे नेणारा हा एकमेव मार्ग आहे, त्याला दुसरा पर्याय नाही.

पैशाचा: अमेरिकेत बाह्य मनोरंजनाची एकूण उलाढाल २०२३मध्ये १.२ लाख कोटी डॉलर होती, हे खरं. पण त्या आकड्याचा पाऊण मैलाच्या मार्गाशी काय संबंध? कोणत्या मार्गावरून किती परवानाधारक मार्गदर्शक किती गट नेतात, हे दिलं तर उपयोग.

आणि सगळ्यात आवडता, १८६६चा कायदा. खाणकामाच्या त्या जुन्या कायद्यातल्या एका कलमाने (पुढे ते ‘आरएस २४७७’ म्हणून ओळखलं गेलं) सार्वजनिक जमिनीवरून महामार्ग काढण्याचा हक्क दिला होता. २१ ऑक्टोबर १९७६ला तो रद्द झाला, पण तोवर निर्माण झालेले हक्क शाबूत राहिले. युटाने त्याच आधारावर १२,००० हून अधिक रस्त्यांवर दावे लावले आहेत. ऑफ-रोडवाल्यांना वाटतं, हेच आपलं ब्रह्मास्त्र. पण युटात हा हक्क राज्याचा आणि काउंटीचा आहे, तुमचा नाही. खासगी माणूस त्यावर दावा लावू शकत नाही. सिद्ध करण्याचा भार दावेदारावर असतो आणि १९७६पूर्वी सलग दहा वर्षं जनतेचा वापर होता हे दाखवावं लागतं. म्हणजे साक्ष हवी १९६६ किंवा त्याआधीपासूनची. तेव्हाचे साक्षीदार आता म्हातारे झालेत, म्हणून त्यांच्या जबान्या आधीच नोंदवून ठेवल्या जातात. तुमच्याकडून मदत व्हायचीच तर १९५०-६०च्या दशकांतले हवाई फोटो आणि जुने नकाशे धुंडाळून काउंटीच्या रस्ते विभागाला द्या. प्रवास आराखडा तसाही या दाव्यांचा निकाल लावत नाही.

निर्णय विरोधात गेला तर? मार्ग-पातळीच्या निर्णयावर आंतरिक विभागाच्या अपील मंडळाकडे, आयबीएलएकडे जाता येतं, साधारण ३० दिवसांत. नेमकी मुदत आणि पत्ता निर्णयपत्रात छापलेले असतात, तेच अंतिम धरा. आधी मत नोंदवलेलं नसेल तर अपीलच करता येत नाही. मुद्दा आधी मांडलेला नसेल तर तो नव्याने काढता येत नाही. अपील केल्याने मार्ग आपोआप उघडा राहत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. त्यात चार गोष्टी दाखवाव्या लागतात: कोणाचं नुकसान जास्त, जिंकण्याची शक्यता, तातडीचं आणि भरून न येणारं नुकसान, सार्वजनिक हित. तिसऱ्यावर बहुतेक अर्ज मरतात. ‘या उन्हाळ्यात सहल करता येणार नाही’ हे भरून न येणारं नुकसान मानलं जात नाही. नांगरून टाकलेला, बुजवलेला मार्ग हे कदाचित मानलं जाईल. म्हणून बीएलएम मार्ग कधी आणि कसा बुजवणार आहे, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या.

स्मारकांविरुद्धचे दावे ही वेगळी जात. बेअर्स इअर्स आणि ग्रँड स्टेअरकेसविरुद्ध युटा राज्य आणि ब्लूरिबन कोएलिशन या ऑफ-रोड संघटनेसह इतर वादी गेले. ऑगस्ट २०२३मध्ये युटाच्या फेडरल न्यायालयाने ते दावे फेटाळले आणि प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५मध्ये जाहीर झालेल्या कॅलिफोर्नियातल्या सुमारे ६.२४ लाख एकरांच्या चकवाला स्मारकाविरुद्धही मे २०२५मध्ये ब्लूरिबन न्यायालयात गेली. अशा दाव्यांत राष्ट्राध्यक्षांच्या अधिकाराचा मोठा घटनात्मक प्रश्न असतो आणि तो सुटायला वर्षं लागतात. देणगी द्यायची तर द्या, पण त्याच काळात तुमच्या भागाचा आराखडा मंजूर होऊन जाईल, हे लक्षात असू द्या.

सध्याचं वारं ऑफ-रोडवाल्यांच्या बाजूने आहे, म्हणून बरेच गट निर्धास्त झालेत. ते मला धोक्याचं वाटतं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेव्हन काउंटी प्रकरणात सांगितलं, की पर्यावरणीय आढाव्याबाबत न्यायालयांनी सरकारी खात्यांच्या निर्णयाचा पुरेसा आदर राखावा. खटला रेल्वेमार्गाचा होता आणि उद्योगांनी विजय साजरा केला. पण तोच आदर उद्या मार्ग बंद करणाऱ्या खात्यालाही मिळेल. त्याच वर्षी पर्यावरणीय आढाव्याचे नियम सुटसुटीत केल्यामुळे मतं मागवण्याचे टप्पे कमी आणि लहान होऊ शकतात. उघडणारं सरकार असताना हे सोयीचं वाटतं. बंद करणारं आलं की ३० दिवसही मिळणार नाहीत. हानी कमी करण्याचे चार निकष मात्र जागच्या जागी आहेत. आज घाईने, नोंदी न करता मार्ग उघडले तर ते २००८च्या आराखड्याच्याच मार्गाने जातील.

विरोधाचे दोन नमुने शेजारी ठेवून बघा. युटातल्या रिकॅप्चर कॅन्यनमध्ये बेकायदा ट्रेल बांधल्यामुळे पुएब्लो या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांच्या अवशेषांची नासधूस झाली आणि बीएलएमने २००७मध्ये तिथे मोटारी बंद केल्या. मे २०१४मध्ये काउंटी आयुक्त फिल लायमन यांच्या पुढाकाराने निषेध म्हणून बंद मार्गावर एटीव्ही नेण्यात आल्या. त्यांना दहा दिवसांची कैद झाली (२०२०मध्ये माफी मिळाली). आज कोणत्याही सुनावणीत दुसरी बाजू ऑफ-रोडवाल्यांविरुद्ध पहिलं उदाहरण देते ते हेच. उलट कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत, जिथे किंग ऑफ द हॅमर्स ही शर्यत होते, मरीन कोअरला तळ वाढवायचा होता. तिथे गटांनी वर्षानुवर्षं चर्चा केली, नकाशावर रेषा मागे-पुढे केल्या, बरीच जमीन गमावलीही. पण २०१९च्या डिंगेल कायद्यात, ज्याने एवढी विल्डरनेस निर्माण केली त्याच कायद्यात, जॉन्सन व्हॅलीसह कॅलिफोर्निया वाळवंटातली सहा ऑफ-रोड क्षेत्रं कायद्याने कायम झाली. एखाद्या अधिकाऱ्याच्या सहीने ती आता बंद होत नाहीत. मला हा सौदा वाईट वाटत नाही. काही जुन्या मंडळींना अजूनही तो शरणागती वाटतो.

पैशांबद्दल एक कामाची गोष्ट. रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राम हा केंद्राचा निधी राज्यांमार्फत मिळतो आणि त्यातले किमान ३० टक्के मोटार ट्रेलसाठी राखीव असतात. खुणांचे खांब, दगडांच्या रांगा, मार्ग वळवणं यासाठी स्थानिक क्लब बीएलएमसोबत अर्ज करू शकतो. मताच्या पत्रात ‘हा उपाय करा’ लिहिण्यापेक्षा ‘हा उपाय करायला आमचा क्लब माणसं देईल आणि निधीसाठी अर्ज करेल’ हे लिहिलेलं अधिकारी दोनदा वाचतो.

शेवटचा मुद्दा मराठी वाचकांपैकी अनेकांच्या परिस्थितीचा. मसुद्यावर मत नोंदवायला नागरिक असावं लागत नाही. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असलेलाही देऊ शकतो. मात्र तुमचं नाव-पत्ता मतासोबत सार्वजनिक होऊ शकतो, म्हणून घरच्या पत्त्याऐवजी क्लबचा पत्ता द्या. नेहमीच्या भाड्याच्या गाड्यांच्या करारात डांबरी रस्ता सोडायला बंदी असते, तेव्हा पाहणीला मोआबमध्ये मिळणारी ऑफ-रोडची खास भाड्याची जीप घ्या. आणि बंद मार्गावर ‘फक्त फोटो काढायला’ सुद्धा गाडी नेऊ नका, चालत जा. १९७६च्या कायद्याखाली तो फौजदारी गुन्हा आहे, १,००० डॉलर दंड किंवा १२ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. व्हिसाच्या अर्जात अटक किंवा दोषसिद्धी विचारली जाते, नागरिकत्वाच्या अर्जात तर पोलिसांनी फाडलेली पावतीही विचारतात. तिथे उत्तर ‘हो’ लिहावं लागलं तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.